हातातले चित्र भिंतीवर

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय जुन्या कोल्हापूरचा होता. वक्त्यांनी रंकाळ्याची, पंचगंगेच्या घाटाची, भवानी मंडपाची जुनी छायाचित्रे मोठ्या कष्टाने जमविली होती आणि ती सारी त्यांच्या मोबाइल फोनमध्ये होती. सभागृहात पांढरा पडदा लावलेला होता. फोनमधले चित्र तारेवाचून त्या पडद्यावर उमटत होते आणि वक्ते अंगठ्याने एकेक चित्र पुढे सरकवीत रंगून बोलत होते. घाटावरच्या दीपमाळांचे एक सुरेख चित्र पडद्यावर असताना त्याच्या माथ्यावरून एकाएकी एक पट्टी खाली घसरली आणि तीत वीतवीत उंच अक्षरांत मजकूर आला : "येताना अर्धा लिटर दूध आणा. दुपारची गोळी घेतली का?"

सभागृह हसले. वक्ते श्रोत्यांकडे तोंड करून उभे होते, त्यामुळे लोक दीपमाळांना का हसत आहेत हे त्यांना उमगेना. पहिल्या रांगेतील कोणी बोट दाखविले तेव्हा त्यांनी मान वळविली, आणि मग तेही हसले. गृहस्थ मोकळ्या मनाचे होते म्हणून निभावले. परंतु पुढचा सगळा वेळ ते फोनकडे जरा संशयानेच पाहत होते. आपल्या हातातली वस्तू आता आपल्या एकट्याची राहिलेली नाही, ही गोष्ट बोलण्याच्या भरात त्यांच्या ध्यानातून गेली होती.

फोनचा पडदा जसाच्या तसा मोठ्या पडद्यावर किंवा टीव्हीवर दाखविण्याच्या ह्या क्रियेला 'स्क्रीन मिररिंग' असे नाव आहे. घराघरांतून हिला कोणी हे नाव घेत नाही. "फोन टीव्हीला लावा" एवढेच म्हणतात. परदेशी असलेल्या मुलाने नातवाच्या बारशाचे फोटो पाठविले की शेजारच्या मुलाला हाक मारावयाची, त्याने दोन बटणे दाबावयाची, आणि मग आजी चष्मा पुसून टीव्हीसमोर बसावयाची, हे दृश्य आमच्या पेठांतून आता नित्याचे झाले आहे. ही नवलाई दहा-पंधरा वर्षांची आहे. तथापि लहान चित्र मोठे करून चारचौघांसमोर ठेवण्याची खटपट फार जुनी आहे, तिच्यात महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि एका टप्प्यावर तर कोल्हापूरचा वाटा फारच मोठा आहे. आज तोच इतिहास थोडा उलगडावा असा आमचा विचार आहे.

कोल्हापुराहून घाट उतरून कुडाळच्या बाजूला गेले की पिंगुळी हे गाव लागते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा सांभाळली. हातात धरण्याजोगी रंगीत चित्रे एकेक करून प्रेक्षकांसमोर धरावयाची आणि रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगावयाची, असा हा खेळ. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्याला आश्रय होता. याच लोकांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे. मागे दिवा, पुढे पांढरे कापड आणि मधे बाहुली. बाहुली कापडाला चिकटून धरली तर सावली बाहुलीएवढीच आणि रेखीव पडते. ती दिव्याकडे सरकविली तर सावली वाढते, पण कडा पुसट होतात. मोठे करावयाचे तर काहीतरी गमवावे लागते, हा धडा त्या दिव्याने पहिल्यांदा दिला. पुढच्या साऱ्या यंत्रांची धडपड ह्याच एका गोष्टीशी आहे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडील कित्येकांना हा खेळ अजून जिवंत आहे हे प्रथम कळले.

पुसट कडांवरचा उपाय भिंगाने दिला. सतराव्या शतकात, १६५९ च्या सुमारास, हॉलंडमधील ख्रिस्तियान हायगेन्स या शास्त्रज्ञाने दिवा, काचेवर काढलेले चित्र आणि भिंग यांची जुळणी केली, आणि काचेवरचे तळहाताएवढे चित्र भिंतीवर स्वच्छ व मोठे पडू लागले. हाच मॅजिक लँटर्न, म्हणजे जादूचा कंदील. आपल्याकडे ह्या कंदिलाला खरे मराठी रूप दिले ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. १८९२ साली त्यांनी आपला खेळ लोकांपुढे आणला आणि त्याला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. शंबर हा पुराणातला मायावी असुर. त्याच्या मायेवरून शांबरिक. पटवर्धन काचांवर पौराणिक प्रसंग रंगवून घेत, त्या एकापाठोपाठ एक सरकवून हालचालीचा भास निर्माण करीत आणि जोडीला निवेदन व संगीत ठेवीत. चित्रपट या देशात पोहोचण्यापूर्वी चार वर्षे कल्याणच्या एका गृहस्थाने अंधारात बसलेल्या मराठी माणसांना हलणारी चित्रे दाखविली होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून यावयास हवी होती.

आता एका चमत्कारिक वळणाकडे येतो. हलत्या छायाचित्रांचा शोध जेव्हा अमेरिकेत लागला, तेव्हा ती भिंतीवर दाखवावयाची नव्हतीच. एडिसनच्या कारखान्यात तयार झालेल्या 'किनेटोस्कोप' यंत्राची दुकाने १८९४ साली न्यूयॉर्कात उघडली. यंत्र म्हणजे कमरेइतके उंच लाकडी कपाट. वरच्या भोकाला डोळा लावावयाचा आणि आत फिरणारी फिल्म पाहावयाची. एका वेळी एक माणूस. आपल्या जत्रांतून चित्रांचा डबा घेऊन एक मनुष्य येत असे आणि मुले पैसा देऊन त्याच्या भोकाला डोळा लावीत, त्याचीच ही श्रीमंत बहीण. चित्र भिंतीवर टाकले तर एका यंत्रावर शंभर माणसे पाहतील आणि मग आपली यंत्रे विकली जाणार नाहीत, असा हिशेब एडिसनने केला होता असे सांगतात. हिशेब व्यापाऱ्याचा होता आणि वरवर पाहता बिनचूकही होता.

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी तो उलटविला. त्यांचे 'सिनेमॅटोग्राफ' हे छोटेसे यंत्र चित्र टिपत असे, त्याची प्रत काढीत असे आणि मागे दिवा ठेवला की तेच चित्र भिंतीवर फेकीत असे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचे खेळ झाले. एकट्याने भोकातून पाहावयाचे चित्र सगळ्यांनी मिळून पाहावयाचे झाले, तेव्हाच सिनेमा जन्मला असे आम्ही मानतो. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लवकरच कॅमेरा मिळवून कुस्तीचे आणि पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा आम्ही त्यावर थांबत नाही.

थांबावयाचे ते कोल्हापुरात. ज्या सुमारास फाळके चित्रपट काढीत होते, त्या सुमारास आमच्या गावात आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ असलेले दोन तरुण नाटकांचे पडदे रंगवीत होते. बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. 'पेंटर' हे आडनाव त्यांना लोकांनी दिले, आणि ते इतके घट्ट बसले की मेस्त्री हे नाव सांगितल्यास आजही माणसे 'कोण बुवा?' म्हणून विचारतील. १९१० ते १९१६ या काळात मोठमोठ्या संगीत नाटक मंडळ्यांचे आणि पारशी-गुजराती रंगभूमीचे पडदे या दोघांनी रंगविले. पडदा रंगविणे म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चितारी आधी हातभर कागदावर महालाचे किंवा अरण्याचे लहान चित्र काढतो. त्या चित्रावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडतो. मग तेवढ्याच चौकटी दोरीने वीस-पंचवीस फुटांच्या कापडावर पाडतो, आणि लहान चौकटीत जे आहे तेच मोठ्या चौकटीत उतरवीत जातो. एकेका चौकटीशी प्रामाणिक राहिले की एवढा प्रचंड पडदाही तोल सोडीत नाही. चौकटींची ही युक्ती श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे फोनच्या पोटात शिरल्यावर ती पुन्हा भेटणार आहे.

'राजा हरिश्चंद्र' पाहून हे दोघे भाऊ चित्रपटाच्या वेडाने झपाटले. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. म्हणजे चित्र टिपण्याच्या आधी ते चित्र पडद्यावर फेकण्याचे यंत्र त्यांच्या हाताखालून गेले. आमच्या मते कोल्हापूरच्या यशाचे अर्धे रहस्य येथेच आहे. कॅमेरा आणि प्रोजेक्टर ही सख्खी भावंडे आहेत. दोहोंत फिल्म एका झरोक्यासमोर क्षणभर थांबते, झडप उघडते, मिटते, आणि दातेरी चाक फिल्म एका चित्राने पुढे ओढते. फरक इतकाच की एकात प्रकाश बाहेरून आत येतो आणि दुसऱ्यात आतून बाहेर जातो. ज्याने प्रोजेक्टर उलगडून पुन्हा जोडला आहे त्याला कॅमेरा बनविण्याचे स्वप्न पडावयाला अडचण नाही. त्या दोघांनाही ते पडले. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते काम पुरे केले आणि १९१८ साली कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू लागला. खरी कॉर्नरवर आज कॅमेऱ्याचा जो स्मृतिस्तंभ उभा आहे, त्याच्या बाजूने आपण रोज जातो. वाहनांच्या गर्दीत मान वर करून पाहणारे थोडे.

महाराष्ट्र फिल्म कंपनी याच खटपटीतून उभी राहिली. तानीबाई कागलकर या गायिकेने तिला भांडवल पुरविले. बँका ज्या धंद्याच्या वाऱ्याला उभ्या राहत नव्हत्या, त्यात एका कलावतीने पैसा घातला हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की सरकारी सेन्सॉरने तो कापावयास लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले, आणि त्याच वर्षी लोकमान्य गेले.

त्या काळच्या खेळात नेमके काय घडत होते याचा थोडा हिशेब मांडू. फिल्मवरचे एक चित्र रुंदीला इंचभर. पडदा वीस फूट रुंद धरला तर ते चित्र रुंदीत २४० पट आणि क्षेत्रफळात ५७,६०० पट मोठे व्हावयाचे. इंचभर जागेतून निघालेला प्रकाश एवढ्या मोठ्या कापडावर पसरावयाचा, म्हणून दिवा अतिशय प्रखर लागे. कार्बनच्या दोन कांड्यांत विजेची ठिणगी पेटवून तो उजेड काढीत. एका फुटात सोळा चित्रे बसत. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे दाखवीत, म्हणजे प्रत्येक सेकंदाला एक फूट फिल्म सरके, आणि पुष्कळदा ती हाताने दांडा फिरवून सरकवीत. दांडा फिरविणारा घाईत असला की पडद्यावरचा रथ उधळे आणि तो पेंगला की भीमाची गदा हवेतच रेंगाळे. प्रेक्षक ओरडून त्याला जागा करीत. सांगावयाचा मुद्दा असा की चित्र कोणत्या गतीने दिसावे हे ज्याच्या हातात यंत्र होते तो ठरवीत असे, पण त्याच्या पाठीशी आणि कानाशी सारे सभागृह होते.

बाबूरावांनी पुढे 'सिंहगड' (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला, १९२५ साली 'सावकारी पाश' काढून शेतकऱ्याची जमीन कशी जाते हे दाखविले. त्यांच्या तालमीतून बाहेर पडून दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्याला नेली. 'सैरंध्री' आणि मूक 'सावकारी पाश' मात्र आज पाहावयास मिळत नाहीत. त्यांच्या फिल्म उरल्या नाहीत. हजारो लोकांनी मिळून पाहिलेली ती चित्रे त्या हजारोंबरोबरच गेली.

यानंतर चित्र पुन्हा लहान होऊ लागले. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चित्र वीस फुटांवरून वीस इंचांवर आले. सुरुवातीला गल्लीत एक टीव्ही आणि खिडकीत वीस डोकी, अशी स्थिती होती. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही होता त्याला आपल्याच घरात बसावयास जागा मिळत नसे. पुढे प्रत्येक घरात टीव्ही आला, मग खोलीखोलीत, आणि शेवटी प्रत्येकाच्या तळहातावर. कोल्हापूरची जुनी एकपडदा चित्रगृहे एकामागून एक बंद पडत गेली. एका सोफ्यावर चार माणसे चार वेगळी चित्रे पाहत बसली आहेत, हे आपण रोज पाहतो. किनेटोस्कोपचे कपाट इतके लहान झाले की खिशात मावू लागले. एका वेळी एक माणूस हा एडिसनचा हिशेब सव्वाशे वर्षांनी खरा ठरला. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठराव केला की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावयाचे. गावाला असा भोंगा वाजवावा लागला यातच सारे आले.

अशा वेळी त्या खिशातल्या कपाटाला कोणी ल्युमिएर भेटावा, हे ओघानेच आले. आरंभी फोनमधून टीव्हीपर्यंत तार ओढावी लागे. २०११ साली अ‍ॅपल कंपनीने आयफोनचा पडदा तारेवाचून टीव्हीवर नेण्याची सोय केली. २०१२ साली वायफायच्या कंपन्यांच्या संघाने 'मिराकास्ट' ही सर्वांना वापरता येईल अशी पद्धत ठरविली. आणि २०१३ साली गूगलने 'क्रोमकास्ट' नावाचे बोटाएवढे यंत्र काढले, ते टीव्हीच्या पाठीमागे खोचले की काम होई. आता बहुतेक नव्या टीव्हींत ही सोय आतच असते, त्यामुळे क्रोमकास्ट बनविणे २०२४ साली बंदही झाले.

येथे आम्हांला 'मिररिंग' ह्या नावाबद्दल एक तक्रार नोंदवावयाची आहे. आरसा आपल्यावर पडलेला प्रकाश परत करतो. पिंगुळीच्या दिव्यापासून बाबूरावांच्या प्रोजेक्टरपर्यंत सर्वत्र प्रकाशच लहान चित्रातून निघून मोठ्या पडद्यावर जात होता. फोनमधून प्रकाशाचा एक किरणही टीव्हीकडे जात नाही. जाते ती चित्राची वर्णी, आकड्यांत लिहिलेली. फोनच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे बारीक चौकटींचे जाळे असते. एकेका चौकटीला पिक्सेल म्हणतात. आडव्या १,९२० आणि उभ्या १,०८० चौकटी धरल्या तर एका चित्रात २०,७३,६०० चौकटी झाल्या. प्रत्येकीत तांबडा, हिरवा आणि निळा रंग किती, हे तीन आकडे. फोन ही यादी पाठवितो आणि टीव्ही आपल्या मोठ्या चौकटी स्वतःच्या उजेडाने त्याबरहुकूम रंगवितो. आमच्या चिताऱ्यांनी दोरी धरून जे केले तेच हे. फक्त येथे चितारी सेकंदाला तीस पडदे रंगवितो.

पण एवढी यादी तारेवाचून जावयाची कशी? तीस चित्रांच्या साऱ्या चौकटींचे आकडे लिहावयाचे तर सेकंदाला सुमारे दीडशे कोटी शून्ये-एक पाठवावी लागतील, आणि घरातल्या वायफायला ते ओझे पेलत नाही. म्हणून फोन काटकसर करतो. आधीच्या चित्रात आणि ह्या चित्रात काय बदलले तेवढेच सांगतो. मागची भिंत तशीच असेल तर 'भिंत तशीच' एवढे म्हणून पुढे जातो. जे सांगावयाचे तेही आखडून सांगतो. हे आखडणे ज्या गणितावर उभे आहे, ते १९७४ साली मूळ बंगळूरचे नासिर अहमद यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतून प्रसिद्ध केले. आज जगातील बहुतेक छायाचित्रे आणि चलच्चित्रे त्याच गणिताच्या वाटेने ये-जा करतात. काटकसरीने ओझे शंभरातल्या एका भागाइतके किंवा त्याहूनही कमी होते. मात्र आखडावयाला आणि पुन्हा उलगडावयाला थोडा वेळ लागतो. म्हणून फोनवर बोट आधी हलते आणि टीव्हीवरचे चित्र किंचित मागून. क्रिकेटचा सामना पाहताना ते जाणवत नाही. टीव्हीवर पाहत फोनने खेळ खेळणाऱ्या मुलांची मात्र फजिती होते.

याच कुटुंबात दुसरा एक प्रकार आहे, त्याला 'कास्ट करणे' म्हणतात. दोहोंतला भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. मिररिंगमध्ये फोन स्वतः चित्र वर्णून पाठवितो, निरोप्याने सारे पत्र तोंडपाठ म्हणावे तसा. कास्टमध्ये फोन टीव्हीच्या हाती नुसती चिठ्ठी देतो, की अमुक ठिकाणी जा आणि तेथून चित्रपट आण. मग टीव्ही आपल्या आपण इंटरनेटवरून तो आणतो आणि फोन मोकळा होतो. ज्यांच्या सभेत दुधाची आठवण भिंतीवर झळकली त्या वक्त्यांनी चिठ्ठीचा मार्ग धरला असता, किंवा निदान येणारे निरोप तासभर बंद ठेवले असते, तर दीपमाळा शाबूत राहिल्या असत्या. आणखी एक अनुभव बऱ्याच जणांना येतो. फोनवर चित्रपट स्वच्छ दिसतो, पण टीव्हीवर नेला की काळा पडदा. टीव्ही बिघडलेला नसतो. चित्रपटाच्या मालकाने चोरी होऊ नये म्हणून घातलेले ते कुलूप असते.

आणि उभ्या चित्राचे काय? नाटकाचा पडदा, सिनेमाचा पडदा, टीव्ही, ही सारी आडवी घराणी. फोन हातात उभा धरतात आणि माणसे फोटोही उभेच काढतात. असे उभे चित्र टीव्हीवर नेले की मधे एक अरुंद पट्टा उजळतो आणि दोन्ही बाजूंना काळोख उभा राहतो. सोळास नऊ या प्रमाणाच्या टीव्हीवर उभे चित्र रुंदीचा तिसरा हिस्साही व्यापीत नाही. त्रेचाळीस इंची टीव्ही घेऊन त्यात खिडकीची फट पाहावयाची! आमचे ऐकाल तर समारंभाचे फोटो काढताना फोन आडवा धरा. पंगत आडवी असते, वरातही आडवीच असते.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा सारा खटाटोप केला तिच्याकडे येतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधविलेले आणि १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले हे नाट्यगृह. १९५७ पासून ते केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारी माणसे आम्ही पाहिली, आणि त्याच माणसांच्या हातांत वर धरलेले फोनही पाहिले. घरी परतल्यावर प्रत्येकाच्या फोनमध्ये तीच ज्वाळा होती. आम्हीही ती रात्री दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा एकटेच होतो.

चार-सहा दिवसांनी एका स्नेह्यांच्या घरी दहा-बारा मंडळी जमली. बोलणे दुसरे काही होणार नव्हतेच. कोणीतरी म्हणाले, आगीचे नकोत, आधीचे फोटो कोणाकडे असतील तर लावा. यजमानांच्या मुलीने आपला फोन टीव्हीला जोडला. शाळेच्या संमेलनात तिची लेक त्या रंगमंचावर नाचली होती, तो फोटो आला. मंडळींत एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी नाटक मंडळीच्या सामानाच्या गाडीबरोबर फिरलेले, पडदे ओढलेले. ते खुर्चीवरून उठले, काठी टेकीत टीव्हीपाशी गेले आणि नाचणाऱ्या मुलीच्या डोक्यावरच्या अंधाराकडे काठी नेऊन म्हणाले, "ही तुळई बघा. दोर ह्याच्यावरनं जायचा. आमच्या वेळी इथं खूण होती." सगळे पुढे वाकले. फोनमध्ये तो फोटो मुलीच्या आईने शेकडो वेळा पाहिला असेल. तुळई तिला कधी दिसली नव्हती. दुसऱ्या एकाने आपला फोन जोडला, मग तिसऱ्याने. एका नाट्यप्रयोगानंतरचा नटाबरोबरचा फोटो होता, त्यात नटाच्या खांद्यामागे विंगेचा कोपरा निघाला. एका लग्नाच्या निमंत्रणाला आलेल्या पाहुण्यांना नाट्यगृह दाखविताना काढलेले फोटो होते, त्यांत सज्जाचा कठडा सापडला. पडद्याचा रंग मरून होता की जांभळट, यावर दोघांत जुंपली. प्रत्येकाच्या फोनमध्ये तो वेगळा येत होता. मुलीच्या आईची मात्र जरा निराशा झाली. तिच्या लेकीकडे कोणी पाहिलेच नाही.

रात्री साडेअकरा वाजले. निघताना ठरले की प्रत्येकाने आपल्याजवळचे फोटो एका ठिकाणी पाठवावेत, म्हणजे नाट्यगृह पुन्हा उभारताना कोणाला लागले तर देता येतील. आजोबांकडे साधा बटणांचा फोन होता, त्यांच्याजवळ पाठविण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा त्याच घरी आले, चहाला नको म्हणाले, टीव्हीसमोरच्या खुर्चीत काठी आडवी ठेवून बसले आणि यजमानांच्या मुलीला म्हणाले, "पोरी, ते कालचं डाव्या बाजूचं परत लाव. अजून एक दोर राहिलाय सांगायचा."